आत्या, ते मधलं वाक्य खोटं होतं

आत्या, तू गेल्याचं मला तीन वेळा कळलं.

पहिला फोन हॉस्पिटलमधून आला, तो माझ्यासाठीच होता. दुसरा तासाभराने मराठी मंडळाच्या फोनच्या साखळीतून आला. मंडळात नव्याने आलेल्या कुणी बाई होत्या, मी तुझी भाची आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. "रविवारचा कार्यक्रम कॅन्सल झालाय हं. निर्मलताई गेल्या. तुमच्या यादीतल्या चौघींना प्लीज कळवा." आणि मी कळवलं. खरंच कळवलं. फ्रिजवरची यादी काढली, चार नंबर फिरवले आणि चार घरांना सांगितलं की रविवारचा कार्यक्रम रद्द आहे, निर्मलताई गेल्या. एकीने विचारलं, "कोण बोलतंय?" मी नाव सांगितलं आणि पुढचा नंबर फिरवला. तिसरा फोन संध्याकाळी आला. माझ्यापासून निघालेली बातमी कुठल्या कुठल्या घरांतून फिरून परत माझ्याच दारात आली होती. "मुक्ता, तुला कळलं का गं?"

तेव्हा रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला तू दिसलीस, टोरोंटोच्या एटोबिको भागात तुझ्या स्वयंपाकघरात, हातांना मलम फासून वर पांढरे सुती हातमोजे चढवून बसलेली.

माझा तो इथला पहिला हिवाळा होता. बाहेर वादळ घोंगावत होतं आणि मंडळाचा कार्यक्रम रद्द करायचा होता. ती फोनची साखळी तूच बांधलेली. तू चार घरांना कळवायचं, त्या चार घरांनी आणखी चार-चार घरांना. हातमोजे घालून तुला बटणं दाबता येईनात, म्हणून मी नंबर लावत होते आणि तू बोलत होतीस. चौथा फोन ठेवला, भाताखालचा गॅस बंद केला, तोवर आपलाच फोन वाजला. कुणीतरी धापा टाकत आपल्यालाच सांगत होतं की वादळ येतंय, कार्यक्रम रद्द झालाय.

फोन ठेवून तू हसलीस. "बघितलंस? हेच चाललंय माझ्या हातांत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे हेच. कातडीत पहाऱ्याच्या पेशी असतात. जंतू शिरला, खरचटलं, की त्या एकमेकींना निरोप धाडतात. बारीक प्रथिनांचे निरोप. लॅबमध्ये दिवसभर मी तेच तर मोजते. निरोप पोचला की कातडीच्या पेशी भराभर वाढतात, जखम भरून काढायला. त्यात वाईट काहीच नाही. पण माझ्या हातावर आता ना जंतू आहे, ना जखम. कधीतरी कुणीतरी पहिला फोन केला. तो फिरत फिरत त्याच घरी परत आला. त्या घराला वाटलं, अरे, म्हणजे खरंच वादळ आहे की. त्यांनी पुन्हा चार फोन केले. जी कातडी महिनाभराने गळायची ती चार-पाच दिवसांत वर येते. हे पापुद्रे म्हणजे ती."

"मग हे कुणी थांबवत का नाही?"

"वादळ टळलं, असा फोन तू कधी केलायस कुणाला?"

मी नव्हता केला. कुणीच करत नाही.

"तसा फोन करणाऱ्या पेशी असतात शरीरात," तू म्हणालीस. "आमच्याकडे त्यांचा आवाज जरा बारीक."

"आणि जीन्सचं काय ते?"

तू हातमोज्यातलं बोट फ्रिजवरच्या कागदाकडे केलंस. "जीन्स म्हणजे ती यादी. कोण कुणाला फोन करणार, कुणाच्या घरची घंटा जन्मतःच मोठी, ते यादीत असतं. पहिला फोन कधी होणार, ते यादीत नसतं."

'आमच्याकडे' हा शब्द मी तेव्हा ऐकला नाही. तू तो उगाच वापरला नव्हतास, हे आता कळतंय.

मी ज्या घरातून आले ते घर तुला माहीतच होतं, तू त्याच घरात वाढली होतीस. तू निघून गेल्यावर तुझ्या भावाने तिथे पत्रकांचा कारखाना काढला एवढंच. वेणी घालायला शिकायच्या आधी मी कागदाची तिहेरी घडी घालायला शिकले. भोंदू बाबांविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, टँकरच्या पाण्यावरून, एका रजिस्टर लग्नाला नावं ठेवणाऱ्यांविरुद्ध. बाबा हातानं मजकूर लिहायचे आणि मला मोठ्यानं वाचायला लावायचे. त्यांचे नियम मला आजही पाठ आहेत. वाक्य छोटं हवं. तीन वाक्यं एका चालीत आली की माणूस थांबतो. पत्रकात 'पण' लिहायचा नाही, 'पण' आला की वाचणारा निसटतो. आणि खाली आपलं नाव आणि पत्ता हवाच. नाव न घालता लिहिलेलं पत्रक म्हणजे चहाडी.

हे सगळं घेऊन मी तुझ्या बेसमेंटमध्ये उतरले. दिवसा ऑफिस आणि संध्याकाळी जगावर संताप. तू सूप गरम करून द्यायचीस आणि म्हणायचीस, "जग उद्याही आहे. आधी जेव."

मग ते संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. मला असल्या समारंभांचा तिटकारा. तू म्हणालीस, इथे सगळ्या बायकांना बोलावतात, लग्न झालेल्या, न झालेल्या, नवरा गेलेल्या, सगळ्यांना. चल, तुझ्या तत्त्वांना थंडी नाही बाधायची. गेलो. बर्फातले बूट दारात काढून बायका गालिचावर गोल बसल्या होत्या. यजमानीणबाई एकेकीला हळदकुंकू लावून, पालथ्या हातावर अत्तराचं बोट ओढत पुढे सरकत होत्या. तू हात पुढे केलास. थंडीत तुझे हात कसे व्हायचे ते मी रोज बघत होते. लाल चट्टे, त्यावर चांदीसारखा पापुद्रा, सांध्यांवर भेगा. बाई थबकल्या. अत्तरदाणी तबकात ठेवली, गुलाबदाणी उचलली आणि हातभर अंतरावरून दोनदा गुलाबपाणी शिंपडलं.

"तुम्हाला अत्तर सोसत नसेल ना, निर्मलताई."

"नाही सोसत. बरं लक्षात ठेवलंत."

तुझ्यानंतर माझा हात होता. अत्तरदाणी परत आली. मी हात मागे घेतला, आणि तू माझ्याकडे असं बघितलंस की मी तो पुन्हा पुढे केला.

बसमध्ये मी भडकले होते. "तू गप्प का बसलीस?"

"मला अत्तरानं खरंच खाज सुटते."

"आत्या."

"काय आत्या? इतकी वर्षं झाली. त्यांना वाटतं लागण होते. त्यांना कुणी सांगितलंच नाही."

"तू सांगायचंस."

"मी सांगितलं तर ती माझी बाजू होते गं. दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं."

ते तू मलाच म्हणालीस असं मी धरलं. आठवड्यात पत्रक तयार झालं. एका कागदाची तिहेरी घडी आणि मधोमध ठळक अक्षरांत तीन वाक्यं:

हा रोग संसर्गजन्य नाही.
हा रोग आनुवंशिक नाही.
हा रोग पापाचं फळ नाही.

मी तुला वाचून दाखवलं, अगदी बाबांना दाखवायचे तसं, उभं राहून. तू डाळ निवडत होतीस. हातमोजे काढलेस, लॅबमधून आणलेलं तुझं ते हिरवं पेन घेतलंस आणि मधल्या वाक्यावर एक रेघ ओढलीस.

"हे खोटं आहे."

"पूर्ण खोटं नाहीये. तूच म्हणालीस ना, यादीत पहिला फोन नसतो."

"मग तसं लिही. की घराण्यातून येतो तो कल, रोग नव्हे. जुळ्या बहिणी असल्या, सगळे जीन्स सारखे, तरी एकीला होतो आणि दुसरीला होईलच असं नाही. कल असला तरी काहीतरी ठिणगी लागते. घसा धरतो, खरचटतं, मनाला ताण येतो, कोरडी थंडी असते. एकच एक जीन नाही, पुष्कळ आहेत, त्यातले बरेच या निरोपानिरोपीचेच. हे लिही."

"आत्या, याचं पत्रक होत नाही. याचं पुस्तक होतं."

"मग वाक्य नुसतं गाळ. दोनच ठेव."

"दोन वाक्यांना चाल नाही."

तू पेन खाली ठेवलंस. "रोगाला तुझी चाल कळत नाही, मुक्ता."

आणि मग मी ते बोलले. आत्या, मी ते तुझ्या तोंडावर बोलले आणि कधी परत घेतलं नाही. मी म्हणाले, "आनुवंशिक म्हटलं की काय होतं ते तुला मी सांगायला हवं का? दोन घरांनी नकार दिला ना तुला? चहाचे कप खाली ठेवून उठले ना ते? प्रत्येक मुलीच्या बाबतीत तसंच व्हायला हवंय तुला?"

तू डाळीतला एक खडा काढलास. मग दुसरा.

"माझं लग्न जीन्सनी नाही मोडलं," तू म्हणालीस. "माणसांनी मोडलं. तू जीन्सना कशाला बदनाम करतेस? आणि त्या माणसांना घाबरून आपण खोटं लिहायला लागलो तर जिंकलं कोण?"

"आपल्या घरात तुझ्याशिवाय कुणालाच नाहीये हे. मग आनुवंशिक कसं?"

"एवढी खात्री?" एवढंच म्हणालीस आणि डाळ धुवायला उठलीस.

मी ते वाक्य ठेवलं. खाली नाव घातलं, पत्ता घातला, तुझाच पत्ता. गणेशोत्सवात शाळेच्या भाड्याने घेतलेल्या जिममध्ये प्रसादाच्या टेबलाशी उभी राहून मी ते प्रत्येक हातात दिलं. तू स्वयंसेवकांच्या रांगेत केळी कापत होतीस, हातमोजे घालून. तुझ्या हातची केळी त्या वर्षी पहिल्यांदा सगळ्यांनी घेतली. हे खरं आहे आणि ते माझ्या पत्रकाने झालं. एवढं श्रेय मला दे. तू तेव्हाच दिलं होतंस, केळ्याचा शेवटचा तुकडा माझ्या तोंडात कोंबून.

त्याच दिवशी सुनंदाताईंनी मला वॉशरूमच्या बाहेर गाठलं. तेव्हा मी त्यांना ओळखतही नव्हते. त्यांनी इकडेतिकडे बघून कानामागचे केस वर केले. खाली तेच, तुझ्यासारखेच पापुद्रे. कॅनडात आल्यापासून त्यांनी कधी केस मोकळे सोडले नव्हते. घडी केलेलं पत्रक छातीशी धरून म्हणाल्या, "ते मधलं वाक्य वाचलं आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे माझ्या केतकीला नाही ना होणार हे?"

मी म्हणाले, "नाही, ताई."

आत्या, छापलेलं एक वेळ सोडून दे. हे मी समोर उभं राहून, डोळ्यांत बघून सांगितलं.

पुढे काय झालं ते तुला माझ्याआधी कळलं. थंडीत तू त्यांच्याकडे कसलासा डबा पोचवायला गेलीस आणि केतकीने दार उघडलं. तू तिच्या डाव्या हाताकडे बघितलंस. अंगठीचं बोट मुळापासून टोकापर्यंत सारखंच सुजलेलं, आणि नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे. सुनंदाताई म्हणाल्या, व्हॉलीबॉल लागलाय, लेप लावतेय, दोन महिने झाले उतरतच नाही. तू त्यांना विचारलंस, डॉक्टरकडे गेला होतात? हो, वॉक-इन क्लिनिकमध्ये गेलो होतो ना. डॉक्टरने विचारलं काही? हो, विचारलं. घरात कुणाला त्वचेचा आजार आहे का, असं विचारलं.

"मग काय सांगितलंत?"

"नो म्हणाले. माझं आहे ते काही आनुवंशिक नाही ना, मग कशाला सांगायचं?"

त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर, मेपलच्या पानाच्या लोहचुंबकाखाली, माझं पत्रक लावलेलं होतं.

कातडीचा तोच रोग तिच्या सांध्यात उतरला होता, त्याचं नाव तू दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलंस. जिथे तू काम करायचीस तिथल्याच कुणा डॉक्टरीणबाईंकडे त्या मायलेकींना घेऊन गेलीस. औषध सुरू झालं, सूज उतरली. पण त्या बोटाचा एक सांधा तोवर गेला होता. केतकी शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. त्या बोटानं झाकायचं भोक आता तिला पुरतं झाकता येत नाही, हवा निसटते.

तू खाली बेसमेंटमध्ये आलीस, त्यांच्या फ्रिजवरचं पत्रक हातात घेऊन. ओरडली असतीस तर मी ओरडले असते, ते मला जमतं. तू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलीस.

"फॉर्मवर तो एकच प्रश्न असतो, मुक्ता. घरात कुणाला? त्याचं उत्तर हो आलं असतं तर डॉक्टरने बोटाकडे वेगळ्या नजरेनं बघितलं असतं. ती बाई खोटं नाही बोलली. तिने तुझ्यावर विश्वास ठेवला."

"एका वाक्याने कुणाचं बोट वाकडं होत नाही," मी म्हणाले.

"तिचं वाकतच नाहीये."

मग तू म्हणालीस, "दुसरी आवृत्ती काढ. एकच ओळ बदलायची आहे. मीच वाटते सगळीकडे, तू नको येऊस." मी म्हणाले, काढते. त्यानंतर मी तीन विषयांवर पत्रकं काढली. पक्क्या नोकरीशिवाय राबवल्या जाणाऱ्या पोरांवर, पाण्याच्या बाटल्यांवर, एका युद्धावर. मी तुझं घर सोडून टोरोंटोच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणीबरोबर राहायला गेले. तू दर फोनला शेवटी एकदा विचारायचीस, "दुसरी आवृत्ती कधी?" आणि मी म्हणायचे, आत्या, आता दुसरे विषय आहेत. आपलं शेवटचं बोलणंही तेच. तू विचारलंस, मी ते उत्तर दिलं, तू म्हणालीस, "बरं. टोपी घाल बाहेर पडताना." मी टोपीसुद्धा घातली नव्हती.

आता तुला जे ठाऊक होतं तेच सांगते.

पहिल्याच हिवाळ्यात, हळदीकुंकवाच्याही आधी, मी बस स्टॉपवर बर्फावर घसरून पडले होते. कोपर खरचटलं. तूच डेटॉल लावलंस. जखम भरली आणि महिन्याभराने त्याच जागी, तेवढ्याच आकाराचा लाल चट्टा उठला. मग त्यावर चांदी चढली. तुझ्या लॅबमध्ये तुम्ही याला काय म्हणता ते मला नंतर कळलं. ज्यांच्या यादीत कल आहे त्यांच्या खरचटलेल्या जागी रोग उमटतो. मी लांब बाह्या घालू लागले. थंडीचा देश, कुणाला काय कळतंय. मी सव्वीस वर्षांची होते, आत्या. ते तीन ओळींचं पत्रक उभ्यानं वाचून दाखवत होते तेव्हा माझं डावं कोपर बाहीच्या आत खाजत होतं. मधलं वाक्य मी सुनंदाताईंसाठी नव्हतं लिहिलं, जगातल्या मुलींसाठीही नव्हतं लिहिलं. मी ते माझ्या कोपरासाठी लिहिलं. तुझ्या हातांकडे रोज बघत होते ना मी. मला ते हात नको होते.

आणि तू कधी विचारलं नाहीस. एकदा बेसमेंटच्या जिन्यावर मलमाची डबी ठेवलेली सापडली. मी वर हाक मारली, "हे काय?" तू वरूनच म्हणालीस, "जास्त आणलं गेलंय. कोरड्या हवेत बरं असतं, लाव कुठेही." ती संपायला आली की दुसरी यायची. मी घर सोडल्यावरही डब्याच्या पिशवीत, लोणच्याच्या बरणीखाली असायची. मी त्यावर कधी काही बोलले नाही. थँक यूसुद्धा नाही, कारण थँक यू म्हटलं की कबूल केल्यासारखं झालं असतं.

तुला ते नवं इंजेक्शन सुरू झालं तेव्हाची एक दुपार मला फार छळते. निरोप वाहणाऱ्या एका प्रथिनालाच वाटेत धरणारं औषध. दोन-तीन महिन्यांत तुझे हात स्वच्छ झाले. तू ते टेबलावर पसरून बघत होतीस. "कुणाचे आहेत गं हे?" म्हणालीस. मी म्हणाले, जिंकलीस आत्या. तू मान हलवलीस. "फोनची वायर काढून ठेवलीय फक्त. यादी आहे तिथेच आहे." त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला त्याच यजमानीणबाईंनी तुझ्या हातावर अत्तर ओढलं आणि म्हणाल्या, "बाई, गेलं एकदाचं." तू म्हणालीस, "गेलं नाही, झोपलंय. तरी लावताय ना? मग लावा." त्यांचं बोट क्षणभर तुझ्या हातावर थांबलं. मग त्यांनी दुसऱ्या हातावरही लावलं. हे मला तुझ्याकडून नाही, तू गेल्यावर केतकीकडून कळलं. मी गेलेच नव्हते. मला आमंत्रण होतं, पण केतकी तिथे असणार होती.

मागच्या आठवड्यात तुझं घर आवरायला गेले. कपाटात तुझे सुती हातमोजे घड्या घालून ठेवलेले. खालच्या खणात लॅबचे जुने कागद होते आणि त्यांत एक मोठा तक्ता, पट्टी लावून काढलेला. तुमच्या कामात घराण्याचा काढतात तसा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, ज्याला रोग आहे त्याचं चिन्ह भरलेलं. सगळ्यात वर आजोबा, भरलेला चौकोन. आजी, रिकामं वर्तुळ. खाली तू, भरलेलं वर्तुळ. तुझ्या शेजारी तुझा भाऊ.

भरलेला चौकोन.

मी कितीतरी वेळ त्या चौकोनाकडे बघत बसले. बाबांचे पूर्ण बाह्यांचे खादीचे शर्ट. मे महिन्यात साताऱ्याच्या मोती चौकात पत्रकं वाटताना मनगटाशी लावलेलं बटण. आम्हाला वाटायचं साधी राहणी. लपवाछपवीविरुद्ध आयुष्यभर लिहिणारा माझा बाप, आणि त्याच्यासारखीच बाहीखाली झाकून ठेवणारी त्याची मुलगी.

बाबांच्या खाली माझं वर्तुळ होतं. रिकामं. शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं होतंस, "ती सांगेल तेव्हा."

रडू मला तिथे आलं.

दुसऱ्या दिवशी मी केतकीला भेटायला गेले. आता ती कॉलेजात आहे. मी सगळं सांगितलं, कोपरासकट. तिने ऐकून घेतलं. मी म्हणाले, मला हे छापायचंय, तुझं नाव बदलते. ती म्हणाली, "का? इट्स माय फिंगर. नाव लिही." मग जरा वेळाने म्हणाली, "मुक्ताताई, आय वॉज रिअली मॅड ॲट यू. अजून आहे थोडी." मी म्हणाले, असू दे. सुनंदाताई चहा घेऊन आल्या. त्यांचे केस मोकळे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण बशीत दोन बिस्किटं जास्त ठेवली होती.

शनिवारी सकाळी मी तुझी यादी घेऊन बसले. तुझ्या चौघी, मग त्यांच्या चौघी, मग त्यांच्या. मी साखळी लावली नाही. एकेका घराला स्वतः फोन केला, कारण हा निरोप तोंडोतोंडी बदलला असता. मी म्हणत होते, "मी मुक्ता. निर्मलताईंची भाची. गणपतीत मी एक पत्रक दिलं होतं. त्यातलं मधलं वाक्य खोटं होतं, मी मागे घेते. तो कल घराण्यातून येतो. तुमच्या घरात कुणाला असेल आणि डॉक्टरने विचारलं, तर हो म्हणा. मलाही आहे." कुणी म्हणालं, कुठलं पत्रक? कुणी म्हणालं, अगं, एवढ्यासाठी फोन? एक आजोबा म्हणाले, थांब, लिहून घेतो. आणि ज्यांनी तुझ्यावर गुलाबपाणी शिंपडलं होतं त्या बाईंनी मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "माझ्या नातवाच्या गुडघ्याला काहीतरी उठलंय. निर्मलताई असत्या तर त्यांना दाखवलं असतं." मी म्हणाले, डॉक्टरांना दाखवा. उशीर नका करू.

वादळ टळलं असं मी कुणालाच सांगितलं नाही. ते टळलेलं नाही. पण खरा निरोप तेवढा दिला.

शेवटचा नंबर यादीत नव्हता. कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून मी साताऱ्याला फोन लावला.

"बाबा, मला कोपरावर आहे. आत्यासारखं."

लाइनवर खरखर होती. 

"कुठल्या?" बाबांनी विचारलं.

"डाव्या."

"माझे दोन्ही," ते म्हणाले. आणि मग, "तुझ्या आजीनं शपथ घातली होती. निर्मलचं एक लग्न मोडलं होतं तेव्हा. म्हणाली, तू तरी झाकून ठेव."

"बाबा, तुम्ही पत्रकं काढत होता."

"काढत होतो." मग म्हणाले, "तू ते नवीन छापलंस की पाठव. इथं वाटतो मी."

"हाफ शर्ट घालून?"

"थंडी आहे गं इथं."

"मार्च महिन्यात?"

ते हसले की खोकले ते कळलं नाही. तेवढ्यात कार्डावरची बाई बोलली की एक मिनिट उरलंय.

आत्या, दुसरी आवृत्ती छापून झाली. ओळी तीनच आहेत आणि मधली लांब आहे, चालीत बसत नाही. तीत एक 'पण' आहे. खाली नाव माझंच आहे.

तुझा तक्ता आता माझ्या टेबलासमोर लावलाय. माझं वर्तुळ मी तुझ्या हिरव्या पेनाने भरलं. मी सांगेपर्यंत तू थांबलीस, त्याबद्दल मी तुझ्यापुढे कायम मान तुकवेन. पण बाबांचा चौकोन तू त्यांना न विचारता भरलास. त्यांच्या वेळी थांबली नाहीस, माझ्या वेळी का थांबलीस, आणि इतकी वर्षं माहीत असून त्या संध्याकाळी डाळ धुवायला का उठलीस, यावर मला तुझ्याशी भांडायचं होतं. कडाक्याचं भांडायचं होतं. तू सूप गरम केलं असतंस आणि म्हणाली असतीस, आधी जेव.